खारफुटी म्हणजे कुठली

माझा एकच फोटो चारचौघांसमोर लागला. त्यात मी राखणदार आहे की चोर, हे मला अजून नीट कळलेलं नाही. ते कळावं म्हणून लिहायला बसलो आहे. लिहून कळेलच असं नाही. शिक्षण दुसरीपर्यंत, कारण तिसरीच्या मास्तरांशी माझं पटलं नाही. पण अक्षर ओळखतो आणि हे माझ्या हातानं लिहितो आहे. ऱ्हस्व-दीर्घ सुनेनं सुधारलेत. शब्द मात्र सुधारायचा नाही असं तिला बजावून ठेवलं आहे, कारण सगळं रामायण झालं ते एका शब्दापायी.

आमचं गाव पनवेलच्या खाडीला लागून. नव्वद साल उजाडायच्या थोडं आधीची गोष्ट सांगतो. तेव्हा गाव संपलं की भाताची खाचरं, खाचरं संपली की बांध आणि बांधापलीकडे खाडी. हा बांध शेताच्या बांधासारखा नव्हे. चांगला पुरुषभर उंच, सगळा चिखलाचा, वाकडातिकडा गेलेला. आमच्या आज्यापणज्यांनी खाडीकडून जमीन काढून घेतली ती ह्या बांधाच्या जोरावर. आत गोडं पाणी, बाहेर खारं. आतल्या जमिनीला आम्ही खार म्हणतो. बांधाच्या बाहेरच्या अंगाला तिवरांची झाडं असतात, चिखलातच उगवतात आणि भरतीला अर्धी पाण्यात जातात.

मोठं उधाण आलं की बांध कुठंतरी तुटतो. त्या भगदाडाला खांड म्हणायचं. आणि खांड पडली की गावात ओरड एकच होते, खार फुटली! खारं पाणी भातात शिरलं की ती जमीन पुढची दोन-तीन वर्षं काही देत नाही. म्हणून पाणी उतरलं की त्याच ओहोटीला खांड बुजवायला लागते. तिवराचे फाटे टाकायचे, त्यावर पेंढा, त्यावर चिखलाचे गोळे. दोन्ही बाजूंनी भरत यायचं आणि मधलं तोंड शेवटी बंद करायचं. तिथं पाण्याला जोर इतका असतो की माणूस उभा राहत नाही. तिथं मी उभा राहायचो. ह्या कामात माझा हात धरणारा कोणी नव्हता. फुशारकी वाटली तर वाटू दे. उलव्यापर्यंतच्या गावांतून मला बोलावणी यायची आणि मी बंद केलेलं तोंड परत कधी उघडलं नाही. शेत सगळ्यांना होतं, घर सगळ्यांना होतं. माझ्याकडे त्यापेक्षा जास्त एवढं एकच होतं, की खार फुटली की लोक माझं नाव घ्यायचे.

असाच एकदा खांड बुजवून बांधावर उभा होतो. अंगाला कोपरापर्यंत चिखल, कमरेला कोयता. माणसं घरी गेली होती. तेवढ्यात बांधावरून एक बाई चालत आली. तिशीची असेल. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, चपला हातात, गळ्यात मोठा कॅमेरा आणि खांद्याच्या पिशवीत टेपरेकॉर्डर. मुंबईहून आले म्हणाली. बोलणं एकदम शुद्ध, पुस्तकातल्यासारखं. माणसाचं आणि निसर्गाचं जे बिनसलं आहे त्याचे फोटो ती काढत फिरत होती. मी मनात म्हटलं, बिनसलंय म्हणजे काय? कधी जमलं होतं? पण बोललो नाही. पोर उन्हातून आली होती.

मग तिनं विचारलं, ‘काका, तुमच्या भागात खारफुटी बुजवली जाते असं ऐकलं. खरं आहे का?’

आता हा शब्द मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. पण न कळण्यासारखं त्यात काय होतं? धरण फुटलं की धरणफुटी म्हणतात. ढग फुटला की ढगफुटी. तशी खार फुटली की खारफुटी. शहरातली माणसं खांडीला असं म्हणत असतील, एवढंच मला वाटलं. मला उलट तो शब्द आवडला. भारदस्त वाटला.

मी म्हटलं, ‘ऐकलं कशाला? समोर बघ. आताच बुजवली.’

‘कोणी?’

‘मी. मानसं होती हाताशी, पन पुढं मी.’

तिनं टेप चालू केला. का बुजवता, म्हणून विचारलं. मी सांगितलं, ‘नाय बुजवली तर गाव जाईल. खारफुटी म्हंजे खेळ नाय बाय. आज हाताएवढी दिसते, लक्ष नाय दिलं तर उद्या चार मानसांएवढी होते. दिसली की बुजवायची. माझा बाप बुजवायचा, मी बुजवतो.’

तिनं एकदा बांधाकडे बघितलं. मग हळूच म्हणाली, ‘वाईट नाही वाटत तुम्हाला?’

मला प्रश्नच कळला नाही. म्हटलं, ‘वाईट कशाला? जीव शांत होतो.’

मग तिनं फोटो काढला. मी टोपी नीट करायला गेलो तर म्हणाली, राहू द्या, आहात तसेच उभे राहा. मी उभा राहिलो. मागं उरलेल्या तिवराच्या फाट्यांचा ढीग पडला होता, तो पण फोटोत आला. मला काय त्याचं? सुतारामागं लाकूड असायचंच.

पुढं काही महिन्यांनी तिचं छापील बोलावणं आलं. पनवेलच्या एका शाळेच्या हॉलमध्ये फोटो मांडणार होती. ‘माणूस आणि निसर्ग’ असं काहीसं नाव होतं. मी धोतर-टोपी धुवायला दिली. गावातली माणसं म्हणाली, आम्ही पण येतो. टेम्पो भरून गेलो.

हॉलमध्ये दोऱ्या बांधून फोटो चिमट्यांनी लावले होते, वाळत घातल्यासारखे. सगळे काळे-पांढरे. पहिला बेलपाड्याकडच्या डोंगराचा, खाणीनं अर्धा खाल्लेला. मग डंपर खाडीत मुरूम ओततो आहे तो. मग नाल्याच्या तोंडाशी पोट वर करून पडलेली मासळी. मग कचऱ्यात तोंड घातलेली म्हैस. बघून मन खट्टू झालं. आणि ह्या सगळ्यानंतर, शेवटच्या दोरीवर मी. एवढा मोठा, की माझ्या मिशीला लागलेला चिखल दिसत होता. मला वाटलं, बाई हुशार आहे. सगळं वाईट दाखवून शेवटी एक बरं लावलंय, जेवणानंतर विडा द्यावा तसं.

खाली मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, ‘खारफुटी’. त्याखाली माझेच शब्द. आमच्यातल्या निम्म्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून मी सगळ्यांसाठी मोठ्यानं वाचलं. अक्षराला अक्षर लावून वाचलं. ‘दिसली की बुजवायची. माझा बाप बुजवायचा, मी बुजवतो.’ गावातल्या माणसांनी माना डोलावल्या. एकानं माझ्या पाठीवर थाप मारली. पनवेलची शिकलेली माणसं मात्र आमच्याकडे वळून बघायला लागली. बघण्यात काहीतरी होतं. मला वाटलं, एवढ्या मोठ्यानं वाचलं म्हणून असेल.

एक कॉलेजातली मुलगी जवळ आली. डोळे पाण्यानं भरायचेच राहिले होते. म्हणाली, ‘आजोबा, आता तरी थांबवाल ना हे?’

मी म्हटलं, ‘हातपाय चालतात तवर नाय थांबनार.’

ती तशीच वळून गेली. मला काही कळेना. पोरीला माझ्या वयाची काळजी वाटली असेल, असं मी धरून चाललो. नंतर फोटोवाली बाई आली, हात जोडले आणि म्हणाली की मी जे प्रामाणिकपणे बोललो त्याचं तिला फार वाटलं, बाकीची माणसं लपवतात. मी म्हटलं यात लपवायचं काय? परत फुटली तर परत बुजवीन. तिनं मान खाली घातली. टेम्पोत परत येताना आमची माणसं खुशीत होती, आणि मी पण. तरी ती मुलगी डोक्यातून जाईना.

मग तो फोटो एका पेपरात आला. मला कोणी सांगितलं नाही. कळलं ते मासळीबाजारात.

पनवेलच्या बाजारात उरणकडची एक कोळीण बसायची. तिच्याकडून मी वर्षानुवर्षं मासळी घ्यायचो. वाटा घेतला की वरून एक मूठ जास्तीची टाकायची, तेवढी आमची ओळख. त्या दिवशी मला येताना बघितलं आणि तिनं टोपलीवर फडकं ओढलं.

‘काय बाय, संपली?’ मी विचारलं.

‘संपली नाय. तुला नाय.’

मला वाटलं मस्करी करते. मी खाली बसलो. तशी ती शेजारणीला ऐकू जाईल अशी म्हणाली, ‘आमची खाडी बुजवलीस आनि मासली आमच्याकडंच मागतोस? पेपरातच घाल जाळं.’

मी म्हटलं खाडी मी कधी बुजवली? ती म्हणाली, पेपरात आलंय, तिच्या पोरानं वाचून दाखवलं. चिंबोरी कुठं राहते, तिवरात. कोलंबीची पिल्लं कुठं वाढतात, तिवरात. आणि मी छाती काढून सांगतो, दिसली की बुजवायची.

‘ते मी खारफुटीला म्हटलं. तिवराला नाय.’

‘मंग खारफुटी म्हंजे कोन, तुझी आत्या?’

शेजारच्या बायका हसल्या. मी उभा राहिलो. तिनं मग जरा खालच्या आवाजात सांगितलं की त्यांच्या गावात माणसं आली होती, तिवरं राखा म्हणून सांगायला. ती माणसं तिवराला खारफुटी म्हणतात. तिचं पोर पण आता तसंच म्हणतं. रिकाम्या पिशवीनं घरी आलो.

सून ओट्यावर तांदूळ निवडत होती. ती उलव्याची, दहावी शिकलेली, आणि बोलायला रोखठोक. मी इकडचं तिकडचं बोललो आणि मग सहज विचारल्यासारखं विचारलं, ‘तुमच्या पुस्तकात खारफुटी म्हंजे काय असायचं गं?’

‘तिवर, बाबा.’

‘सगल्याच पुस्तकांत?’

तिनं वर बघितलं. मग तिच्या सगळं ध्यानात आलं असणार, कारण आधी तिचं तोंड हसायला उघडलं आणि मग तसंच मिटलं. मी तिला समजावलं की पुस्तक चुकलेलं आहे. धरणफुटी म्हणजे धरणाचं झाड नव्हे. मग खारफुटी म्हणजे झाड कसं? ती म्हणाली, खारात फुटतं म्हणून खारफुटी, अंकुर फुटतो तसं. मी म्हटलं, मग माझं काय चुकलं? माझी पण फुटतेच. ती म्हणाली, ‘चुकलं नाय बाबा. पन छापलंय त्यांचं.’

मग तीच म्हणाली, बाईंना एक पोस्टकार्ड टाकू या, असा घोटाळा झाला म्हणून. मी नाही म्हटलं. काय लिहिणार होती? सासऱ्याला मराठी शब्द कळला नाही असं? शब्द माझे होते, टेपवर आवाज माझा होता. बोललेला शब्द मी कधी मागं घेतला नाही. आणि मागं घ्यायचा म्हटला तर मला आधी कबूल करायला लागलं असतं की ज्या कामावर माझं नाव, त्या कामातलाच शब्द मला माहीत नव्हता. तो माझा शब्द नव्हताच, ही गोष्ट वेगळी. पण ती कोणाला समजावत बसू?

असे दिवस चालले. गावातल्या पोरांनी मला बघून ‘दिसली की बुजवायची’ म्हणायला सुरुवात केली. नेहमीची माणसं नेहमीसारखीच वागत होती, पण मला प्रत्येकाच्या तोंडाकडे बघून वाटायचं, ह्याला कळलं असेल का? पेपराचं पान सुनेनं कुठून तरी आणलं होतं. ती झोपाळ्यावर ठेवून गेली, मुद्दाम की सहज ते मी विचारलं नाही. मी ते कितीदा बघितलं. शब्दांचा छापलेला अर्थ खोटा, हे मला माहीत होतं. पण माझ्या मागं तो फाट्यांचा ढीग होता. फाटे तिवराचे होते. ते कोणी तोडले, हे विचारायला मला दुसरीकडे जायची गरज नव्हती. प्रत्येक खांडीला तोडायचो. बाप तोडायचा, मी तोडतो. म्हणजे मी बोललो नव्हतो ते, फोटो बोलत होता. मग पेपर खोटा की मी? जेवायला बसलो की घास हातात राहायचा आणि हाच विचार. सून म्हणायची, बाबा, भात गार होतोय.

पावसाळा सरता सरता एक मोठं उधाण आलं आणि सकाळी ओरड झाली, खार फुटली. मी कोयता आणि घमेलं घेऊन निघालो आणि अंगणात ती फोटोवाली बाई उभी. हातात खाकी कागदात गुंडाळलेलं काहीतरी मोठं. म्हणाली, ‘काका, तुमचा फोटो आणलाय, तुमच्यासाठी.’

सुनेनं माझ्याकडे बघितलं. आता बोला, असं ते बघणं. मी बाईला म्हटलं, ‘फोटो ठेव घरात. आधी चल. खारफुटी दाखवतो.’

ती कॅमेरा घेऊन माझ्यामागं निघाली. बांधावरून चालताना बाहेरच्या तिवरांकडे बघत येत होती, जागा शोधत. आम्ही पोचलो. माणसं थांबली होती. पाणी आतून बाहेर उतरत होतं आणि खांडीच्या कडांची माती ढासळून पाण्यात पडत होती. आतल्या खाचरात भात आडवा झाला होता.

‘ही बघ,’ मी म्हटलं.

‘कुठे?’ ती अजून झाडांकडे बघत होती.

‘ही. खार फुटली. ही खारफुटी.’

ती खांडीकडे बघत राहिली. पाण्याकडे, भाताकडे, माझ्याकडे. मग अगदी हळू म्हणाली, ‘धरणफुटीसारखी?’

‘मंग कशासारखी?’

तिनं दोन्ही हात तोंडावर धरले. आधी हसली. मग हसू गेलं आणि ती तिथंच ओल्या बांधावर खाली बसली. म्हणाली, ‘आणि मी तुम्हाला विचारलं, वाईट नाही वाटत का.’ फोटोखाली लिहिलेलं ती बदलणार होती. पेपरलाही चूक छापायला लावणार होती. लोकांनी फोटोसमोर उभं राहून काय काय म्हटलं ते सांगायला लागली, मी तिला थांबवलं. मला ते ऐकायचं नव्हतं. मला तेवढ्यात हलकं वाटलं होतं. न कळल्याचं कबूल करायला लागलं नव्हतं. नुसतं बोट दाखवलं होतं. नाव परत आलं, असं वाटलं.

मग मी सवयीनं ओरडलो, ‘फाटे आना.’

कोणी हललं नाही. माणसं बाईकडे बघत होती, तिच्या कॅमेऱ्याकडे. सगळ्यांना पेपर माहीत होता. मी परत म्हटलं तरी एकजण नुसता पेंढा सारखा करत राहिला. तेव्हा मी स्वतः कोयता घेऊन बांधाच्या बाहेर उतरलो. तिवराची एक जाड फांदी धरली. खालच्या मुळांत निवट्या, चिखलातली ती बारकी मासळी, उड्या मारत होत्या. एरवी मला त्या दिसत पण नाहीत. त्या दिवशी दिसल्या.

बाई बांधाच्या कडेला आली होती. तिनं कॅमेरा वर केला, परत खाली केला. म्हणाली, ‘काका, काढू?’

आधीच्या वेळी तिनं विचारलं नव्हतं. आता विचारलं. नको म्हटलं तर मी लपवणारा ठरतो. काढ म्हटलं तर माझ्या शब्दांचा जो अर्थ मी बोललोच नव्हतो तो त्या घटकेपासून खरा ठरतो. आणि फाटे टाकले नाहीत तर चिखल थांबत नाही. खाडीच्या मधल्या पाण्यावर फेस उलटा सरकायला लागला होता, म्हणजे भरती फिरली होती.

मी म्हटलं, ‘तुझं काम तू कर, माझं मी करतो.’

आणि तोडलं. कॅमेऱ्याचा आवाज आला की नाही, मला आठवत नाही. कोयत्याचा आला.

त्यानंतरचं मला अजून चमत्कारिक वाटतं. माणसं कमी पडत होती. बाईनं कॅमेरा पिशवीत घातला, पिशवी बांधावर ठेवली आणि रांगेत येऊन उभी राहिली. चिखलाचे गोळे हातोहात पुढं यायचे. तिच्या हातून निम्मे निसटायचे, बायका हसायच्या, तिला धरायचं कसं ते दाखवायच्या. फाटे पण तिच्या हातातूनच गेले. तिनं ते घेतले आणि पुढं दिले, कुठल्या झाडाचे ते न बघता. की बघून? मी शेवटच्या तोंडाशी पाण्यात उभा होतो, मला तिचं तोंड दिसत नव्हतं. तोंड बंद झालं. पाणी बाहेर राहिलं.

घरी सुनेनं तिला पाय धुवायला पाणी दिलं, चहा दिला. बाईनं खाकी कागद सोडला. फोटो काचेत बसवलेला होता. खाली पांढरी पट्टी, तिच्यावर लिहायचं राहिलेलं. म्हणाली, आता तुम्ही सांगाल ते लिहिते. मी म्हटलं, ‘लिही, खांड बुजवताना.’ तिनं पेन काढलं.

सून कपबश्या उचलत होती. ती तिथूनच म्हणाली, ‘आनि मागचे फाटे?’

बाईनं पेन तसंच धरलं. माझ्याकडे बघितलं. मी सुनेकडे बघितलं. सून आत गेली. पट्टी कोरी राहिली. बाई म्हणाली सुचलं की कळवा. मी मान हलवली.

पेपरात नंतर आतल्या पानावर चार ओळी आल्या. मी त्या घेऊन कोळणीकडे गेलो. तिला वाचता येत नव्हतं, मीच वाचून दाखवल्या. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘म्हंजे तू तिवर तोडलंस का नाय?’

‘तोडलं.’

‘मंग ह्यात काय सांगितलंस?’

तिनं टोपलीवरचं फडकं बाजूला केलं आणि वाटा दिला. वरची मूठ घातली नाही. मी मागितली पण नाही. तिनंच मग सांगितलं की तिवर असतं तिथं लाट मोडते. जिथं तोडता तिथंच तुमचा बांध फुटतो, तिच्या बापानं बघितलं होतं. मी म्हटलं, जिथं बांध फुटतो तिथलंच तोडायला लागतं. आधी काय झालं, फुटलं की तोडलं, ह्यावर आम्ही गिऱ्हाईक खोळंबेपर्यंत बोललो. ती तिच्या बाजूनं बरोबर होती. मी माझ्या. तेव्हापासून कुठल्याही खांडीकडे बघितलं की आधी किती तिवर होतं ते आठवायचा प्रयत्न करतो. आठवत नाही. तेव्हा कोण बघत होतं?

आणखी एक गोष्ट मला सुटत नाही. माझं आजोळ चिरनेरकडचं. तिकडच्या लोकांनी इंग्रजांच्या वेळी जंगलापायी गोळ्या झेलल्या. आमच्या घरात लहानपणी ते सांगायचे. सरकारनं म्हटलं लाकूड तोडू नका, लोकांनी म्हटलं आमचं जंगल, आम्ही तोडणार. त्यात आम्हाला मोठेपणा वाटायचा, अजून वाटतो. आता तोडू नका म्हणणारी ही पोर. ती सरकार नव्हे, वाईट तर मुळीच नव्हे, चिखलात उभी राहून गोळे देणारी. मग मी उठायचं कोणावर?

त्यानंतर थोड्या वर्षांत आमची खाचरं सरकारनं नव्या शहरासाठी घेतली. घेतली म्हणजे कागदावर घेतली, बरीच वर्षं तशीच पडून होती. पुढच्या उधाणाला खार फुटली तेव्हा मी घमेलं घेऊन निघालो, तर लोक म्हणाले, जमीन आता आपली नाही, कोणाचा बांध बुजवायला चाललास? मी तरी गेलो. एकटा. एकट्यानं खांड बुजत नाही. फाटे द्यायला पण दुसरा माणूस लागतो. बांधावर बसून पाणी आत जाताना बघितलं आणि परत आलो.

ती खांड तशीच राहिली. रोज पाणी आत, पाणी बाहेर. आधी भाताची खोडं कुजली. मग चिखल बसला. मग एके वर्षी तिथं काठ्यांसारखं काहीतरी वर आलेलं दिसलं, आणि पुढच्या वर्षी त्याला पानं. माझ्या खाचरात तिवर आलं. कोणी लावलं नाही. आता तिथं माणूस आत शिरला तर दिसायचा नाही. बगळे असतात. कोळणीचा पोरगा होडी घेऊन येतो आणि माझ्या शेतात, म्हणजे जे माझं होतं त्यात, चिंबोऱ्या धरतो. त्याच्या आईनं एकदा त्यातल्या दोन पाठवल्या. पैसे घेतले नाहीत. चवीला चांगल्या होत्या. खाताना कसं वाटावं, ते मला ठरवता आलं नाही.

मधे ती बाई आली होती. केस पांढरे व्हायला लागलेत तिचे. मी तिला बांधाच्या उरलेल्या तुकड्यावर घेऊन गेलो. ती बघत राहिली. चेहरा असा उजळला, की तसा मी त्या हॉलमधल्या एकाही फोटोत बघितला नव्हता. म्हणाली, ‘काका, केवढी खारफुटी!’

मी म्हटलं, ‘मोठीच हाय. बुजवायला मानूस नाय उरला.’

ती हसली. पण मी गंमत केली नव्हती. हे तिच्या थोड्या वेळानं लक्षात आलं असावं. तिनं खूप फोटो काढले आणि शेवटी एक माझा, मागं सगळं हिरवं. मग पिशवीतून टेप काढला, जुनाच. म्हणाली, ‘काका, ह्या खारफुटीवर एक वाक्य बोला. ह्या वेळी मी तुमचंच लिहीन.’

बटण दाबलेलं होतं. मी टेपकडे बघितलं. टेप फिरत होता. मग म्हटलं, ‘आधी तू सांग. कुठली म्हनतेस?’

तिनं खांडीच्या जागेकडे बघितलं. तिथून पाणी आत येत होतं आणि तिवरात पसरत होतं. तिला बोट दाखवायचं असतं तर दोन्ही खारफुटींसाठी तिकडंच दाखवायला लागलं असतं. तिनं बटण बंद केलं.

आम्ही तिथंच बसलो. भरती वर आली तसे दोघांनी पाय वर घेतले. घरातल्या फोटोखालची पट्टी अजून कोरी आहे. आलेला माणूस विचारतो, हे काय करतायत काका? सून माझ्याकडे बघते. मी म्हणतो, बसा, चहा घ्या आधी.